पाणी, सावली आणि उतार : जानेवारीतला शिमला ते काझा

हिवाळ्यात हिमाचलमधल्या स्पितीच्या खोऱ्यात जायला एकच रस्ता उरतो. मनालीकडची वाट कुंझुम खिंडीत (सुमारे 4,550 मीटर) बर्फाखाली गाडली जाते आणि बहुतेकदा मे-जूनपर्यंत उघडत नाही. मग शिमल्याहून नारकंडा, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो असं आधी सतलजच्या आणि पुढे स्पिती नदीच्या काठाने काझा गाठायचं. अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात या रस्त्यावर दोन गाड्या नेल्या : एक डिझेलवरची फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी), दुसरी पुढची चाकं ओढणारी साधी पेट्रोल गाडी. दोन्हींत मिळून पाच जण, त्यांतले तिघे चालक.

परतल्यावर जो भेटला त्याने विचारलं, "बर्फ किती होता?" या रस्त्यावर त्याहून कामाचे दोन प्रश्न आहेत : पाणी कुठून येतंय, आणि तिथे ऊन किती वाजता पोचतं? ताजा भुसभुशीत बर्फ डोळ्यांना दिसतो, त्यात टायर थोडा रुततो, पकड मिळते. डोंगरातून झिरपलेलं पाणी रस्त्यावर पसरून रात्री गोठलं, की जो पारदर्शक थर बनतो तो नुसता ओल्या डांबरासारखा दिसतो. ब्लॅक आइस तो हाच. वाटेत भेटलेले चालक त्याला "शीशा" म्हणत होते. तोच शब्द पुढे वापरतो, कारण तो पाहिल्यावर दुसरा सुचत नाही.

आदला दिवस : चंडीगड

एक अख्खा दिवस गाड्यांसाठी राखून ठेवला होता. तो पूर्ण लागला.

मेकॅनिकने कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, बुडवला, तर पेट्रोल गाडीतलं कूलंट जेमतेम उणे 12 अंशांपर्यंत टिकेल असं निघालं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की साधं पाणी ओतायची सवय असते, त्याचा हा परिणाम. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे 35 च्याही खाली गोठतं. जास्त थंडी म्हणून नुसतं ग्लायकॉल भरू नका. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं, पाण्यात मिसळल्यावरच त्याचा खरा उपयोग होतो. काच धुण्याच्या टाकीतलं पाणी काढून अल्कोहोल असलेलं द्रव भरलं. ते मिळालं नाही तर टाकी रिकामी ठेवावी, कारण गोठलेलं पाणी पंप आणि टाकी दोन्ही फोडतं.

टायरबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. "एम अँड एस" (मड अँड स्नो) एवढंच लिहिलेला टायर म्हणजे हिवाळी टायर नव्हे. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण असेल तोच टायर बर्फावर तपासलेला असतो. साध्या टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली कडक होत जातं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. तो नसेल तर निदान नक्षीची खोली 4 मिलिमीटर तरी हवी. कायद्याची 1.6 मिलिमीटरची मर्यादा या रस्त्यावर निरुपयोगी आहे.

चेन (बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या) घेताना टायरच्या बाजूवर लिहिलेलं माप (उदाहरणार्थ 215/65 आर 16) दुकानात सांगून घ्यायची, आणि चाकाच्या आत ब्रेकच्या नळ्यांना पुरेशी मोकळी जागा आहे का ते गाडीच्या पुस्तिकेत बघायचं. त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये चेन चढवून-उतरवून बघितली. पहिल्या खेपेला एका जोडीला 25 मिनिटं लागली, तिसऱ्या खेपेला 10. उणे 15 मध्ये, अंधारात, वारा सुटलेला असताना ही पंधरा मिनिटं फार मोठी असतात.

डिकीत शेवटी हे गेलं : फावडं, छोटी कुदळ, कोरड्या वाळूच्या दोन पिशव्या, ओढायचा दोर, जंप केबल, हवा भरायचा पंप, जॅकखाली ठेवायला फूटभर चौरस फळी, गुडघे टेकायला जाड पोतं, आणि आत लोकर असलेले रबरी हातमोजे. लोकरीचे नुसते मोजे चेन लावताना दोन मिनिटांत भिजतात.

दिवस पहिला : शिमला ते रामपूर, 130 किलोमीटर

शिमल्यात सहाला सगळे तयार होते, तरी गाड्या साडेनऊला हलवल्या. रात्रभर थंड होत गेलेला रस्ता सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत थंड असतो. दरीतल्या रस्त्यावर तर ऊन आणखी दोन-तीन तासांनी उतरतं.

ढल्ली ते कुफरी हा पट्टा पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला होता, आणि बर्फावर गाडी कशी चालवू नये हे इथेच सगळ्यात जास्त दिसतं. चढावर चाक जागेवर फिरलं की चालक ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. चाकाखालचा बर्फ घासून वितळतो, पाण्याची फिल्म तयार होते, आणि टायर स्वतःसाठी शीशा घोटून ठेवतो. अशा वेळी पाय काढायचा, दोन हात मागे यायचं आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडत पुन्हा चढायचं. दुसऱ्या गिअरमध्ये चाकावर कमी जोर येतो, म्हणून ते फिरत नाही. चढावर पुढच्या गाडीला चिकटून चालणंही घातक. ती थांबली की आपण थांबतो, आणि थांबलेली गाडी बर्फाच्या चढावर पुन्हा निघेलच असं नाही. पुढची गाडी वळण पार करेपर्यंत खाली सपाटीवर थांबावं.

नारकंडा (सुमारे 2,700 मीटर) साडेअकराला आलं. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी गाडीच्या नंबरवरून मैदानातली माणसं ओळखली आणि आपणहून सांगितलं, की चढ सोपा होता, आता कुमारसैनकडे उतरताना बघा. ते शब्दशः खरं ठरलं. शिमल्याकडचा उतार ऊन खातो. सतलजकडे उतरणारी बाजू उत्तरेची, देवदारांची, दिवसभर सावलीतली. बर्फ पडून आठवडा झालेला असला तरी इथली वळणं सुटलेली नव्हती.

इथे थोडं गणित सांगायला हवं. कोरड्या डांबरावर टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) 0.7 धरली, तर ताशी 40 किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून 9 मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर पकड 0.2 : त्याच गाडीला 31 मीटर. शीशावर 0.1 : 63 मीटर. वेग निम्मा केला की अंतर चौथाईवर येतं, म्हणून 20 च्या वेगात शीशावर 16 मीटर पुरतात. हे सगळं सपाटीवर. दर शंभर मीटरला सहा मीटर उतार असेल तर तेच 16 मीटर 39 होतात. आणि उतार शंभराला दहा झाला, की शीशाची पकड आणि गाडीला खाली ओढणारा जोर सारखेच होतात. मग ब्रेक कितीही दाबा, गाडीचा वेग कमी होत नाही. पहाडात शंभराला दहाचे तुकडे जागोजागी आहेत.

म्हणून उताराचा वेग उतार सुरू होण्याआधी ठरवायचा. सपाटीवर थांबून पहिला किंवा दुसरा गिअर टाकायचा, फोर बाय फोरमध्ये लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर), आणि क्लचला पाय न लावता इंजिनाच्या आवरावर गाडी उतरवायची. क्लच दाबला की तो आवर गेला. ऑटोमॅटिक गाडीत गिअर हाताने खाली आणून ठेवावा. ब्रेक लागलाच तर वळणाआधी, गाडी सरळ असताना, हलका. एबीएस असेल आणि पायाखाली थरथर जाणवली, तर पाय उचलू नका, ते त्याचं काम करतंय. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे स्टीअरिंग हातात राहतं. थांबण्याचं अंतर मात्र ते शीशावर फारसं कमी करत नाही.

रामपूरला (सुमारे 1,000 मीटर) नदीकाठी स्वेटर काढावे लागले. राजमा-चावल, वर तूप, आणि चार तासांच्या ताणानंतर कोणी फारसं बोललं नाही.

दिवस दुसरा : रामपूर ते कल्पा

आज शीशा कमी, दगड जास्त. ज्योरीच्या पुढे रस्ता कड्यात कोरलेला आहे आणि डोक्यावर खडक पुढे आलेले आहेत. तरंडा देवीच्या देवळापाशी जवळजवळ प्रत्येक ट्रक आणि बस थांबते. याच भागात निगुलसरीला 11 ऑगस्ट 2021 रोजी दरड कोसळून एसटीसारखी एक सरकारी बस आणि इतर वाहनं गाडली गेली होती. तो पावसाळा होता. हिवाळ्यात कारण वेगळं असतं. भेगांमधलं पाणी रात्री गोठून फुगतं आणि खडक सैल करतं. दुपारी ऊन लागून तो बर्फ सुटला की दगडही सुटतो. म्हणजे सकाळी लवकर निघालं तर शीशा, दुपारी उशिरा निघालं तर दगड. साडेनऊ ते दोन हीच त्यातल्या त्यात बरी वेळ, आणि दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच धरायचे ते याचसाठी. "शूटिंग स्टोन" असा फलक दिसला की फोटोला थांबू नका, काच थोडी खाली करून, गाणी बंद ठेवून पुढे जा. दगड आधी ऐकू येतो.

पोवारीत दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. पुढे भरवशाचा पंप थेट काझात धरायचा.

रिकाँग पिओ ते कल्पा चढ फक्त काही किलोमीटरचा, पण झाडांच्या सावलीतला. खाली उतरून बुटाने तपासलं : जिथे माणसाला सरळ उभं राहता येत नाही तिथे टायरही उभा राहत नाही. पेट्रोल गाडी पिओमध्येच ठेवली. कल्पात संध्याकाळी किन्नर कैलासावर पाच मिनिटं गुलाबी उजेड होता. गेस्ट हाउसच्या आजोबांनी मूठभर चिलगोजे (पाइनच्या झाडाच्या खाण्याच्या बिया) हातावर ठेवले आणि सांगितलं, की उद्या नाकोच्या चढाला अकराच्या आधी हात लावू नका.

दिवस तिसरा : कल्पा ते नाको

पूह सोडल्यावर झाडं संपतात. खाबला सतलज आणि स्पितीचा संगम. इथून सुमारे तीस किलोमीटरमध्ये रस्ता बाराशे मीटर चढतो आणि "का" नावाच्या गावाजवळच्या नागमोडी वळणांतून नाकोला (सुमारे 3,660 मीटर) पोचतो.

संगमाच्या पुलाआधी काझ्याहून आलेली बस उभी होती. चालक बिडी ओढत चाकं बघत होता. पुढचा रस्ता विचारला, तर त्याने किती ठिकाणी शीशा आहे ते बोटांवर मोजून सांगितलं : दोन वळणांवर, एका मोरीवर, आणि एका नाल्यात. समोरून आलेल्या चालकाला विचारणं ही या रस्त्यावरची सर्वांत ताजी आणि सर्वांत खरी बातमी. काय विचारायचं ते मात्र नेमकं हवं : कुठे, चढावर की उतारावर, आणि किती वाजता ओलांडलं.

त्याने पुलाबद्दलही सावध केलं. जमिनीवरच्या रस्त्याला खालून थोडी ऊब मिळते. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड वारा लागतो, म्हणून तो आधी गोठतो आणि उशिरा सुटतो. कोरड्या रस्त्यावरून येऊन पुलावर ब्रेक लावणं ही नेहमीची चूक.

पहिलं वळण सुरू होण्याआधी, सपाट जागेवर, चेन लावल्या. चढावर अडकल्यावर चेन लावायला घेतली तर जॅक आणि माणूस दोन्ही घसरतात. पद्धत अशी : चेन जमिनीवर पसरून पीळ काढायचा. ती टायरवर टाकताना कड्यांची उघडी टोकं टायरच्या उलट बाजूला, बाहेर यायला हवीत, नाहीतर ती टायर चिरतात. आधी आतल्या बाजूचा हूक लावायचा, मग बाहेरचा, मग ताण द्यायचा. गाडी शंभर मीटर चालवून थांबायचं आणि पुन्हा ताण द्यायचा, कारण पहिल्या फेऱ्यांत चेन बसते आणि सैल पडते. सैल चेन चाकाच्या कमानीत आपटते आणि ब्रेकची नळी तोडू शकते. वेग 30 च्या आत. कोरडं डांबर लागलं की काढायची, कारण कड्या झिजून तुटतात आणि तुटलेली कडी चाबकासारखी फिरते.

पेट्रोल गाडीला एकच जोडी होती आणि ती पुढे लावली, कारण गाडी ओढणारी आणि वळवणारी चाकं पुढचीच. चढताना हे बरोबर चाललं. याची दुसरी बाजू परतताना दिसली.

फोर बाय फोरबद्दल एक सांगायलाच हवं. चार चाकांना जोर मिळाला की गाडी निघते छान, चढते छान. थांबते मात्र इतर कुठल्याही गाडीइतकीच. वेग सहज वाढतो म्हणून चालकाला पकड आहे असं वाटतं. शिवाय हाताने लावायची फोर-हाय (चार चाकांना जोर, नेहमीचे गिअर) असेल, तर कोरड्या डांबरावर ती काढून टाका. त्यात पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधलेले असतात, वळणावर त्यांना वेगवेगळं फिरता येत नाही, आणि सगळा पीळ गिअरबॉक्सवर येतो. या रस्त्यावर शीशा आणि कोरडं डांबर आलटून-पालटून येतं, त्यामुळे लिव्हरवरचा हात दिवसभर सुटत नाही.

नाकोत तलाव पूर्ण गोठलेला, गावात जेमतेम काही घरांतून धूर. ज्या घरी मुक्काम केला तिथे तंदूरभोवती (इथे खोलीतल्या लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात) बसून थुक्पा (नूडल्सचं गरम सूप). चालक चारही बाजूंनी शेकले गेले तेव्हा कुठे बोटं मोकळी झाली.

दिवस चौथा : नाको ते काझा

नाकोच्या पुढचा मलिंग नाला पूर्वीपासून कुप्रसिद्ध. हिवाळ्यात त्याचं दुखणं वेगळं असतं. वरून थोडं-थोडं पाणी सतत येतं, रात्री गोठतं, दुसऱ्या दिवशी त्यावरून नवं पाणी वाहतं आणि पुन्हा गोठतं. थर डोंगराच्या बाजूला जाड आणि दरीच्या बाजूला पातळ होत जातो, म्हणजे रस्ताच दरीकडे कलतो. अशा ठिकाणी उभी गाडीसुद्धा आडवी सरकते. साध्या निसरड्या रस्त्यापेक्षा हे कितीतरी पट वाईट, आणि मैदानातल्या चालकाला याची कल्पनाच नसते.

तिथे तीन ट्रक आणि एक टॅक्सी थांबलेली. कोणी घाई करत नव्हतं. ट्रकवाल्यांनी कुदळीने दोन्ही चाकांच्या रेषेत खाचा पाडायला घेतल्या, आमच्याकडची कुदळ आणि वाळूही कामाला आली. पाऊण तास गेला. मीठ कोणीच टाकलं नाही. ते साधारण उणे 10 च्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून सीमा सडक संघटनेची माणसंही इथे रेती आणि मुरूमच पसरतात.

मग एकेक वाहन. प्रवासी खाली. गाडी डोंगराच्या बाजूने, दुसऱ्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने. थरावर चढल्यावर ब्रेक नाही, गिअर बदल नाही, स्टीअरिंगला झटका नाही. मागच्या वाहनाने पुढचं पूर्ण पार होईपर्यंत थराला हात लावायचा नाही. टॅक्सीचालकाने मध्येच वेग थोडा वाढवला आणि मागचा भाग वीतभर दरीकडे गेला. पलीकडे उतरून त्याने कोणाशी न बोलता अर्धी बाटली पाणी प्यायलं.

ज्याच्याकडे चेन नाही आणि खाचा पाडायला साधन नाही त्याने परत फिरावं. इथे मला दुसरं मत मान्य नाही.

सुमदोच्या तपासणी नाक्यावर गाडीची नोंद झाली. त्यापुढे दरी रुंदावते, ऊन मिळतं, रस्ता बराचसा कोरडा. ताबोचा मठ 996 सालचा. हिवाळ्यात आत आपण आणि एक लामा एवढेच. अंधाऱ्या सभामंडपात श्वासाची वाफ दिसते. चारच्या आत काझा (सुमारे 3,650 मीटर).

दिवस पाचवा : काझा, सकाळ उणे 22

सकाळी साडेआठला किल्ली फिरवली. पेट्रोल गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. डिझेल सुरू झाली, मिनिटभर चालली आणि बंद पडली. हे लक्षण ओळखता आलं पाहिजे. बॅटरीचा दोष असता तर इंजिन फिरलंच नसतं. सुरू होऊन बंद पडणं म्हणजे थंडीने डिझेलमधलं मेण सुटून फिल्टरमध्ये अडकलंय. साधं डिझेल या तापमानासाठी नसतं. उणे 33 पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी आणलं. मैदानातल्या पंपावर मिळतं ते हे नव्हे.

घरमालकाने गरम पाण्यात पिळलेली फडकी फिल्टरभोवती गुंडाळली, तीन वेळा बदलली, वीस मिनिटांत गाडी सुरू झाली. ट्रकवाले टाकीखाली निखारे किंवा ज्योत धरतात. ते बघायला मिळेल, पण करू नका. आजच्या गाड्यांत तिथे प्लॅस्टिकच्या नळ्या आणि वायरी आहेत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना उपायही नव्या कॉमन रेल (उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनात महागात पडतो, कारण रॉकेलमध्ये वंगणाचा गुण कमी आणि उच्च दाबाचा पंप त्या वंगणावरच जगतो.

रात्रीची तयारी अशी असावी : गाडी पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे पहिलं ऊन बॉनेटवर. हँडब्रेक लावायचा नाही, ओलसर ब्रेक रात्रीत चिकटून गोठतो. गाडी गिअरमध्ये आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. वायपर काचेपासून उचललेले. उणे 18 ला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, म्हणून इथली माणसं ती काढून खोलीत नेतात. काढताना आधी ऋण टोक, लावताना ऋण टोक शेवटी. नव्या गाडीत बॅटरी काढल्यावर काही यंत्रणा पुन्हा जुळवाव्या लागतात, त्यामुळे आधी पुस्तिका वाचा. सकाळी डिझेलची किल्ली दोन-तीनदा फक्त ग्लो प्लगपर्यंत (इंजिन आतून आधी तापवणाऱ्या कांड्या) फिरवा. स्टार्टर दहा सेकंदांहून जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. काचेवर गरम पाणी अजिबात ओतू नका, ती तडकते. गाडी सुरू ठेवून आत बसायचं असेल तर आधी सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा. तो अडला की कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो आणि त्याला वास नसतो.

टायरच्या हवेचं इथे एक आश्चर्य दिसलं. चंडीगडला 20 अंशांत 32 पीएसआय भरली होती. थंडीने ती सहाएक पीएसआय उतरायला हवी होती, पण मापक 30 दाखवत होता. कारण मापक टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक मोजतो. थंडीने आतला दाब उतरला, तसा उंचीमुळे बाहेरचाही जवळजवळ पाच पीएसआयने उतरला. म्हणजे घाबरून जास्त हवा भरायची गरज नाही, गार टायरवर मोजून कंपनीच्या आकड्याला आणली की झालं.

दुपारी काझाच्या बर्फाच्या मैदानावर मुलं स्केटिंग करत होती. मैदान कसं करतात ते तिथल्या एका ताईंनी सांगितलं : रात्री पातळ थर पाण्याचा, तो गोठला की दुसरा, मग तिसरा. मलिंग नाला जे रस्त्यावर करतो तेच इथे मुद्दाम केलेलं. एकदम ओतलेलं पाणी वरून गोठतं आणि खाली पोकळ राहतं, म्हणून थर पातळच हवेत. रस्त्यावरच्या डबक्याचा वरचा पापुद्रा चाकाखाली फुटतो, आणि नाल्यातला थर कुदळीलाही सहज दाद देत नाही, ते यामुळेच.

नदीकाठच्या रुंद सपाट बर्फावर, आजूबाजूला काहीही नसताना, 15-20 च्या वेगात घसरणीचा सराव केला. पुढची चाकं घसरली की स्टीअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. तेव्हा आणखी वळवायचं नाही. पाय काढायचा, स्टीअरिंग थोडं सरळ करायचं, पकड आल्याचं जाणवलं की मग वळवायचं. मागची चाकं घसरली की शेपूट बाहेर जाते. ती ज्या बाजूला जाते त्याच बाजूला स्टीअरिंग, ब्रेक नाही, आणि नजर जिथे जायचंय तिथे. हात नजरेमागे जातात. दरीकडे बघत राहिलं तर गाडी दरीकडेच जाते. दहा-बारा वेळा करून पायाची घाई कमी झाली.

दिवस सहावा

दिवसभर बर्फ. गाड्या हलवल्या नाहीत. काझातल्या खानावळीत मोमो, लोणी-मिठाचा चहा, आणि खिडकीतून बर्फाची मोजणी. डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं अनुमान रोज निघतं. शेजारच्या टेबलावरचा डोझर चालवणारा मात्र उतारांकडे बघून बोलत होता. हिमस्खलनाला इकडे "ग्लेशियर" म्हणतात. जास्त बर्फ पडल्यावरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत वाईट, असं तो म्हणाला, आणि आकाश निवळलं म्हणून निघू नका. निवळलेल्या रात्री थंडी वाढते, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन नव्या बर्फाला सैल करतं. एक दिवस थांबायचं ठरलं होतं, त्याच्या बोलण्यावरून दोन थांबलो. प्रवास आखताना असे दोन कोरे दिवस हातात हवेतच. परतीच्या तिकिटापायी माणसं नको त्या वेळी निघतात.

दिवस आठवा आणि नववा : परत

डोझर पुढे, वाहनं मागे. ताबोपर्यंत दाबलेला बर्फ, उणे 15 च्या आसपास, आणि पकड अपेक्षेपेक्षा चांगली. नाकोच्या उताराला दुपारी लागलो तेव्हा तापमान शून्याजवळ आलं होतं आणि पकड गेली. कडक थंडीतला बर्फ टायरला धरतो. शून्याच्या जवळ त्यावर पाण्याची फिल्म असते आणि तो सर्वांत निसरडा होतो. गाडीच्या पडद्यावर 1 अंश दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, रस्ता त्याहून गार असू शकतो.

का गावाच्या वळणांवर पेट्रोल गाडीने चेनच्या एका जोडीची दुसरी बाजू दाखवली. पुढच्या चाकांना चेन म्हणजे पुढे भक्कम पकड, मागे काही नाही. उतारावर वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात, आणि इंजिनाच्या आवराने पुढचा भाग रोखला की मागचा भाग बाहेर फिरतो. तसंच झालं. पाय काढून स्टीअरिंग शेपटीच्या बाजूला दिल्यावर गाडी डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगात टेकली. वेग दहाचा होता म्हणून बंपरला खरचटण्यावर निभावलं. उतरायचं असेल तर चार चेन, हा निष्कर्ष. दोनच असतील तर मागच्या सीटवर आणि डिकीत वजन, आणि वेग चालण्याइतका. घसरण आवरत नसेल तर गाडी डोंगराच्या बाजूला घालावी. पत्रा दुरुस्त होतो.

त्याच वळणांवर चढणारा ट्रक समोर आला. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम वाहतुकीच्या नियमावलीतच आहे. बर्फावर त्याला आणखी अर्थ येतो, कारण थांबलेला भरला ट्रक पुन्हा निघणार नाही. फोर बाय फोर रुंद जागेपर्यंत मागे घेतली : पेट्रोल गाडीतला एक जण खाली उतरून मागे, डोंगराच्या बाजूला उभा, हाताने खुणा करत, कधीही गाडी आणि दरीच्या मध्ये नाही.

खाबच्या पुलानंतर कोरडं डांबर. चेन काढल्या. रामपूरला दुसऱ्या संध्याकाळी पोचल्यावर पहिलं काम : चेन गोड्या पाण्याने धुऊन वाळवायच्या, प्रत्येक कडी हाताखालून घालून झिजलेली आहे का बघायची, मग तेलाचा हात. चाकांच्या आतल्या बाजूला चिकटलेला गोठलेला चिखलही काढला. तो एका बाजूला जास्त असेल तर साठच्या वेगात स्टीअरिंग थरथरतं, आणि माणूस अलाइनमेंट बिघडली म्हणून गॅरेज शोधत बसतो. तीन कड्या निम्म्या झिजलेल्या निघाल्या. त्या तिथेच बदलून घेतल्या.